आई-वडील सोडून

मोहोपाड्याच्या कारखान्यात मी ठेकेदाराकडून लागलो, तेव्हा दर अकरा महिन्यांनी आम्हाला आठवडाभर घरी बसवायचे. त्याला ब्रेक म्हणायचे. परत आलं की नवा गेटपास आणि त्यावर नवी तारीख. पहिल्या वेळी मला वाटलं, गावाला जायला सुट्टीच दिली. गाव नांदेडकडं, सातवीत शाळा सुटलेली, कुणी काम दिलं की आधी हात जोडायची सवय. येताना मी ठेकेदाराच्या माणसाला पेढे घेऊन आलो.

टाकीवरचा माझा जोडीदार पोट धरून हसला. "अरं पावन्या, तुजं वरीस पुरं होऊ नाय म्हणून काढतात तुला. आन् तू पेढं वाटतोस!"

तो खालापूरच्याच एका गावचा. मला खोली त्यानंच बघून दिली, त्याच्या घराला लागून. आमच्याकडं गॅस येईपर्यंत त्याच्या आईनं आम्हा नवरा-बायकोला जेवायला घातलं. बायको तिला मावशी म्हणते, मीही. मावशीचे दोन्ही गुडघे गेलेत. भिंत धरून चालते. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलंय.

ऑपरेशन माझ्या बायकोलाही सांगितलं होतं. पित्ताच्या पिशवीत खडे. दुखायला लागलं की ती गुडघे पोटाशी घेऊन पडायची आणि वर मलाच म्हणायची, "अहो, तुम्ही घाबरू नका."

त्यात कंपनीनं ठेक्यावरच्या कामगारांना दवाखान्याचा खर्च भागवणारं कार्ड द्यायची तयारी दाखवली. अट होती सलग एक वर्ष कामाची. म्हणजे कुणालाच नाही. आमच्या कामगारांच्या कमिटीनं बरेच दिवस बोलणी केली आणि करार आणला. ब्रेक पडला तरी वर्ष मोजायचं, हे कंपनीनं मान्य केलं होतं. त्याच्या बदल्यात कमिटीनं एक मागणी सोडली होती. मी ओळीवर बोट ठेवून वाचलं: कामगार, पती किंवा पत्नी, दोन मुलं. आई-वडील सोडून.

दुपारची पाळी सुटल्यावर सायकल स्टँडमध्ये बैठक झाली. जोडीदार उभा राहिला. "आई सोडून कसलं कुटुंब? आज सही केली तर आईचं नाव परत कोण काढणार हाय? सगळं द्या, नायतर काय नको."

कमिटीतले काका दमलेले दिसत होते. म्हणाले, "काहीच नको म्हणायला सोपं आहे बाबा. हे परत टेबलावर येईलच असं नाही."

मला दोघांचंही पटत होतं. माझीही आई गावाकडं आहेच की, तिचंही नाव सुटत होतं. पण डोळ्यांपुढं बायकोचं पोट होतं. कोण बाजूनं म्हटल्यावर मी हात वर केला. जोडीदारानं मागं वळून माझ्या हाताकडं पाहिलं, तोंडाकडं नाही.

करार झाला. मी फॉर्म भरला. तो माझ्याशी बोलेना. पाळी बदलताना टाकी किती भरलीय तो आकडा दुसऱ्याला सांगायचा आणि निघून जायचा. शुक्रवारी कळलं, त्यानं फॉर्म भरलाच नाही. शनिवार शेवटचा दिवस. त्याला बायको आहे, दीड वर्षाची मुलगी आहे. मी फॉर्म घेऊन त्याच्या घरी गेलो.

"कशाला आलास?" तो म्हणाला. "तुजं झालं ना?"

मावशी ओट्यावर तांदूळ निवडत होती. "काय झालं रं?"

मी सगळं सांगितलं, हात वर केल्याचंसुद्धा. सांगताना मान वर होत नव्हती.

मावशीनं सूप बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "यानं हात खाली ठेवला असता तर माजं गुडघं बरं झालं असतं का रं?" मुलाकडं बघून, "आन् पोरगी आजारी पडली तर तिला काय सांगशील, आजीसाठी रुसलोय? भर तो कागद. नंतर भांड माज्यासाठी, मी काय लगेच मरत नाय."

त्यानं फॉर्म ओढून घेतला. मावशीच्या बोलण्यानं मी सुटलो असं मला वाटलं नाही. ती ओटा उतरायला लागली, तिनं भिंत धरली, आणि आम्ही दोघंही दुसरीकडं बघायला लागलो.

सही करून फॉर्म माझ्या हातात देताना तो म्हणाला, "कराराची मुदत सरंल तवा आईबापाचं पयलं तू बोलायचं. उभं राहून. मी नाय, तू."

मी आजवर कुठल्याच बैठकीत तोंड उघडलेलं नाही. कोण बोललं हे ठेकेदाराला कळतं, आणि पुढच्या ब्रेकनंतर गेटपास मिळेलच असं नसतं. तरी हो म्हणालो.

बायकोचं ऑपरेशन त्या कार्डावर झालं. ती आता व्यवस्थित जेवते. मुदत सरायला अजून अवकाश आहे, पण टाकीपाशी एकटा असलो की मी ते बोलणं मनात जुळवून बघतो. सुरुवात जमते. कंपनीचे साहेब समोर बसलेत असं धरलं की पुढचं अडतं, मग पुन्हा पहिल्यापासून म्हणतो.