हिरवी घरी गेली तो भाग

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही. आणि आता सांगायला बसलोय तर आधीच चिडचिड होतेय — कारण ऐकल्यावर तुम्ही पहिल्यांदा हसणार, हे मला ठाऊक आहे. चाळिशीला टेकलेला माणूस, डिचोलीत स्वतःचं औषधांचं दुकान, कानावर केस पिकलेले, आणि त्याच्या मनात वर्षानुवर्षं काय सलतंय? तर एका जपानी पोरांच्या मालिकेचा एक भाग! हसा बापडे. मीही ते बरीच वर्षं हसण्यावारीच नेलं.

मालिकेचं नाव सांगत नाही. आम्ही तिला 'पाचजण' म्हणायचो. पाच तरुण, पाच रंग. राक्षस आला की पाचही जण मनगटावरचं कडं फिरवतात, अंगावर चकचकीत पोशाख चढतो, मारामारी होते, स्फोट होतो. मग तोच राक्षस डोंगराएवढा होऊन उठतो, हे पाचजण एका अवाढव्य यंत्रमानवाच्या पोटात बसतात आणि पुन्हा एक स्फोट. दर आठवड्याला हेच. जपानात म्हणे बालवाडीतली मुलं बघतात. आमच्याकडे बघणारे सगळे मिशा फुटलेले, एकदोघांची तर लग्नं झालेली.

फोनवर आमचा एक गट होता. मीच काढलेला. पेडणे, डिचोली, वाळपई, पलीकडे दोडामार्ग, सावंतवाडी — तिथलीच पोरं. रविवारी सकाळी जपानात भाग दाखवत, दुपारपर्यंत कोणीतरी इंग्रजी अक्षरं लावून तो नेटवर टाकी, आणि चार वाजल्यापासून आमच्या गटात नुसता शिमगा. लाल वीराच्या पट्ट्याचा रंग मागच्या आठवड्यापेक्षा फिका का? यंत्रमानवाचा डावा हात आधी का नाही तुटला? फुकट बघायचं आणि पैसे बुडाल्यासारखं भांडायचं. मला या लोकांचा वैताग यायचा. पण तेच लोक मला 'अॅडमिनबाब' म्हणायचे, आणि ते मला आवडायचं. हे आत्ताच कबूल करून टाकतो, पुढे उपयोगी पडेल.

आमच्या गटाची एक रीत होती. आमच्या भागात देवळात गाऱ्हाणं घालतात, ते तुम्हाला माहीत असेल. एक जाणता माणूस देवासमोर उभा राहून गावाच्या वतीने मागणं मागतो, आणि प्रत्येक वाक्याला जमलेले सगळे 'व्हय महाराजा' म्हणतात. तसं गाऱ्हाणं मी दर रविवारी गटात लिहायचो. बा देवा महाराजा, आजच्या भागात निळ्याक जरा बरे संवाद दी रे महाराजा. की खाली रांगेने 'व्हय महाराजा', 'व्हय महाराजा'. माझं गाऱ्हाणं आल्याशिवाय त्या भागाबद्दल गटाचं मत ठरत नसे. मी चांगलं म्हटलं तर चांगला, मी वाईट म्हटलं तर वाईट. दुकानात उधारी मागायला लाजणारा माणूस मी — आणि इथे माझ्या एका ओळीवर सगळा गाव माना डोलावतोय. डोक्यात हवा जायला आणखी काय लागतं?

बघा, अजून मी मुद्द्यावर येतच नाही. येतो.

रेश्मा. कोरगावची. गटात ती होती, पण लिहायची नाही. आमची ओळख झाली ती तिच्या आईच्या गोळ्यांमुळे. पेडण्यात ती गोळी मिळेना, तिने मला विचारलं, माझ्याकडे होती. म्हापशाला जाणाऱ्या बसच्या कंडक्टरकडे मी पुडकं द्यायचो, म्हापशात ते पेडण्याच्या बसमध्ये चढायचं आणि संध्याकाळी तिच्या तिठ्यावर उतरायचं. पुडकं पोचलं की तिचा फोन. गोळ्यांवरून बोलणं सुरू व्हायचं आणि कधी पाचजणांवर यायचं ते कळायचंही नाही. तिला त्यातली हिरवी आवडायची. पाचांत सगळ्यात कमी बोलणारी, बहुतेक वेळा मागे उभी असलेली.

रेश्मा नर्सिंग शिकलेली. मस्कतला नोकरी लागली होती, व्हिसा हातात आला होता, आणि त्याच महिन्यात आईचं डावं अंग गेलं. घरात दुसरं कोणी नाही. ही राहिली. हे गटात कोणालाच ठाऊक नव्हतं, एक मी सोडून. तिने ते कधी रडून सांगितलं नाही. औषधाचा डोस विचारता विचारता मध्येच सांगून टाकलं होतं.

मग तो रविवार आला. दुकान दुपारी बंद करून मी घरी आलो. आम्ही दोघं फोन चालू ठेवून एकदमच भाग लावायचो, म्हणजे हसायचं तिथे दोघांनी एकत्र हसायचं. त्या भागात राक्षसच आला नाही. हिरवीची आई आजारी पडते. हिरवी आपल्या मनगटातलं कडं काढून लाल वीराच्या हातात देते, आणि गाडीत बसून गावी जाते. संपलं! स्फोट नाही, यंत्रमानव नाही. शेवटी फक्त एक खोली. आई झोपलेली. हिरवी तिच्या डोक्याखालची उशी हलकेच काढते, उलटी करते, आणि गार झालेली बाजू वर घेऊन परत ठेवते.

मी रडलो. अगदी हमसून. रेश्माने ते ऐकलं. मग ती म्हणाली, "मी पण अशीच परततंय रे उशी. आवशीक गार लागता मगे ती हसता." तेवढंच.

आणि मी काय म्हटलं? मी म्हटलं, "हे लिव. गटात लिव. लोकांक कळूक जाय."

"माका नाय बाबा लिवूक येयत. लोक हसतले."

"लिव गो. मी आसंय मां पाठीक."

मी आसंय मां पाठीक — हे माझे शब्द. ते मला आजही जसेच्या तसे ऐकू येतात.

तिने लिहिलं. पहिल्यांदाच. उशीबद्दल नाही, आईबद्दलही नाही, स्वतःचं काहीच नाही. एवढंच, की आजवरच्या सगळ्या भागांत तिला हा आवडला, आणि हिरवीने कडं काढलं तेव्हा ती सगळ्यात धीट वाटली. साधं, सरळ लिहिलं होतं.

आणि लोक तुटून पडले! अख्खा भाग फुकट गेला म्हणून आधीच सगळे पेटलेले होते, त्यात हिचं कौतुक. हे काय सासू-सुनेचं नाटक आहे? पळपुटीला धीट म्हणतेस? बायकांनी हे बघूच नये. एकाने तर तिच्या नावावरून घाणेरडं काहीतरी लिहिलं. मी फोन हातात धरून सगळं वाचत होतो. माझा पारा चढत होता. दोन ओळी लिहायच्या होत्या — मलाही आवडला, मीही रडलो. बस. फार काय झालं असतं? चार पोरं हसली असती. पण तेवढ्यात वाळपईच्या एकाने लिहिलं, 'अॅडमिनबाब गप्प का? गाऱ्हाणं येऊ द्या.' मग दुसऱ्याने. मग तिसऱ्याने. सगळे माझी वाट बघत बसले.

इथे मी कितीदा थांबलोय मनातल्या मनात. इथून पुढचं सांगायचं म्हणूनच बसलो होतो ना? मग सांगायला हवं.

मी गाऱ्हाणं लिहिलं. "बा देवा महाराजा, जेका कोणाक हो भाग आवडलो आसात, तेची अक्कल ठिकाणार आण रे महाराजा. जेका आवशीची उशी परतूची हौस आसा, तेका घराकच बसय रे महाराजा. तसल्यांची सावली आमच्या पाचजणांर पडाक दिव नको रे महाराजा."

उशी मी घातली. तिच्या लिहिण्यात उशीचा शब्द नव्हता. भागात उशी होती, म्हणून बाकीच्यांना तो साधा विनोद वाटला. पण ती वाचेल तेव्हा तिला काय कळेल, हे मला लिहितानाच माहीत होतं. नुसती टिंगल करून भागलं असतं, तरी मी ते घातलं. का? कारण वाक्य चांगलं जमत होतं. यापेक्षा मोठं कारण शोधायचा मी फार प्रयत्न केला. सापडत नाही.

खाली रांग लागली. व्हय महाराजा. व्हय महाराजा. हसणारी तोंडं, टाळ्या. मी खूश होऊन बोटाने वर सरकवत होतो, आणि त्या रांगेत मधेच तिचं नाव आलं.

रेश्मा — व्हय महाराजा.

तेवढंच. ना हसणारं तोंड, ना रागाचं. पुढच्याने त्याखाली 'व्हय महाराजा' लिहिलं आणि तिचं नाव वर सरकून गेलं. थोड्या वेळाने तिने आपलं पहिलं लिहिणं पुसून टाकलं. रात्रीच्या जेवणाआधी मी माझं गाऱ्हाणंही पुसलं. पोरांना वाटलं चुकून गेलं.

तिला फोन? नाही केला. पुढच्या खेपेला गोळ्यांचं पुडकं बसमध्ये दिलं, आणि 'पोचलं' एवढाच निरोप आला. मग तोही बंद झाला. पेडण्यात गोळी मिळायला लागली म्हणे. मला सुटल्यासारखं वाटलं, आणि स्वतःचा असा संताप आला की दुकानात आलेल्या म्हाताऱ्या गिऱ्हाइकावर उगाच खेकसलो.

आता खरी चीड येते ती पुढच्या गोष्टीची. हंगाम संपता संपता हिरवी परत आली. शेवटच्या लढाईत तिच्याचमुळे बाकीचे चौघे वाचले. आणि आमची ही शूर मंडळी एका रात्रीत फिरली! तो उशीचा भाग म्हणजे सगळ्या मालिकेचा आत्मा, असं ज्याने तिला पळपुटी म्हटलं होतं त्यानेच लिहिलं. आपण काय बोललो होतो हे एकालाही आठवेना. लाजलज्जा काही आहे की नाही? असं म्हणायला मी फोन उचलला, आणि लिहिलं काय — 'मी तर पहिल्यापासून म्हणत होतो.' सगळ्यांनी होकार भरला. आणि गंमत अशी की ते खरंही होतं. मी पहिल्यापासूनच म्हणत होतो. फक्त एकीलाच म्हटलं होतं.

गेल्या वर्षी तिची आई गेली. पेपरात फोटो बघितला. बारावं झाल्यावर मी कोरगावला गेलो. का गेलो? माफी मागायला, असं मोटारसायकलवर मनाशी म्हणत होतो. वाटेत वाक्यं जुळवत होतो, मोडत होतो. ती दारात आली, मला ओळखलं, बस म्हणाली. फोनवरच्या तिच्या फोटोपेक्षा थोडी बारीक झाली होती, बाकी तीच. तिची मावशी तिथे बसली होती. रेश्माने कोऱ्या चहाचे पेले आणले. अंगणात आईची गादी आणि उशी उन्हात टाकलेली होती, त्यावर नजर जाऊ नये म्हणून मी अंगणाकडे पाठ करून बसलो.

मावशीने विचारलं, "हो कोण गो?"

"दिचोलेचो. आवशीच्यो गोळ्यो हो धाडी," रेश्मा म्हणाली. मग जरा हसली. "आमी दोगांय एकच मालिका बघी. तेतूर एक भाग होतो मावशे, एक पोरगी आवशीक बघूक घराक येता तो. ह्यो इतको रडलो मां तेका! माज्यापरास जास्त." आणि माझ्याकडे वळून तिने विचारलं, "न्हय रे?"

आवाजात टोमणा नव्हता. खरंच सांगतो, नव्हता. जे मी इतकी वर्षं गिळून बसलो होतो, ते तिने चहाच्या पेल्यासारखं माझ्यापुढे आणून ठेवलं होतं. मला फक्त 'व्हय' म्हणायचं होतं. समोर कोण होतं? एक म्हातारी मावशी. तिला ना पाचजण ठाऊक, ना गट, ना गाऱ्हाणं.

मी म्हटलं, "आसात. माका याद ना."

 रेश्माने माझा रिकामा पेला उचलला.

"व्हय महाराजा," ती म्हणाली, आणि आत गेली.

मला याद होतं. सगळं याद होतं.