जिवंत नवऱ्याची विधवा

माझी थोरली जाऊ बावीस वर्षं एकाच कारखान्यात पिशव्या शिवत होती. मान खाली आणि काम चोख.

एका दुपारी तिच्या बहिणीचा घाबराघुबरा फोन आला. "भाऊजी बरे आहेत ना गं?"

बहिणीच्या मोबाइलवर पिशवीची जाहिरात आली होती. जाऊबाईंचा मशीनवरचा फोटो आणि खाली मजकूर: 'या विधवा ताईला हात द्या. चोवीसशेची पिशवी फक्त आज बाराशेला. निम्मे पैसे ताईला.' तीच पिशवी दुकानात कायम पाचशेला मिळायची आणि जाऊबाईंच्या हातात पंचवीस रुपये पडायचे.

डबा द्यायला आलेल्या नवऱ्याला घेऊन ती तडक केबिनमध्ये शिरली.

"हे आमचे मालक. तुम्ही मारलेत ते."

कारखानदार हसला. "मावशी, मनावर घेऊ नका. कीव आली की लोक घासाघीस करत नाहीत."

"मग माझी शिलाई विका ना, माझं कुंकू कशाला विकता? आणि ते निम्मे पैसे कुठायत?"

तो खाली बघत म्हणाला, "फोटो काढतो."

फोटो तासाभरात गेला. 'विधवा ताई' आणि चोवीसशेचा खोटा भाव मात्र तसेच राहिले. जाऊबाईंनी काम सोडलं आणि त्या जाहिरातीखाली स्वतःच लिहिलं: 'हीच पिशवी दुकानात पाचशेला आहे. शिवणारीला पंचवीस मिळतात. तिचा नवरा ठणठणीत आहे.'

कारखान्यानं ते तीनदा पुसलं. दातओठ खात तिनं चौथ्यांदा लिहिलं.