एप्रिलमधली हार

रियाधच्या हॉस्पिटलात मी फिजिओथेरपिस्ट होते. अपघातात पाय मोडलेला एक वयस्कर अमेरिकन इंजिनिअर रोज सकाळी माझ्याकडे चालण्याचा सराव करायला यायचा. आल्या आल्या आपल्या बेसबॉल टीमचा निकाल सांगायचा. जिंकली की टाळी, हरली की नुसते खांदे उडवणं.

त्या आठवड्यात टीम सारखी हरत होती. त्यातच एक दिवस दोन पावलं टाकून तोही कोसळला. मी त्याला कसंबसं सावरलं.

"आज राहू द्या," मी म्हणाले.

"का? सीझन आत्ताच सुरू झालाय," तो हसला. "एप्रिलमध्ये हरलेल्याला आम्ही हरलेला म्हणत नाही. यल्ला, चला!"

महिन्याभरानं टीम तळालाच होती. तो मात्र कुबड्यांशिवाय पार्किंगपर्यंत चालत गेला. मी सवयीनं हात पुढे धरून मागोमाग होते; त्यानं एकदाही वळून पाहिलं नाही.