लिफ्टवाल्याकडचे पाहुणे

परदेशातल्या त्या मोठ्या शहरात तो एकोणीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करत होता. घरच्यांच्या लेखी मात्र तो 'मोठ्या कंपनीत इंजिनिअर' होता. हे त्याने स्वतः कधी सांगितलं नव्हतं. आईने एकदा शेजारणीला सांगितलं आणि पुढे ते खोडून काढायचं राहून गेलं. आई गेली, इंजिनिअर राहिला.

लग्न त्याने केलं नव्हतं. चौथ्या मजल्यावर एक खोली आणि एक स्वयंपाकघर, एवढाच पसारा. तरी वर्षातून तीन-चार वेळा कुणी ना कुणी येऊन उतरायचंच. शाळेतला मित्र सहकुटुंब, मावसबहिणीची जाऊ, कधी फक्त फोन नंबर घेऊन आलेला मित्राचा मित्र. पाहुणे खोलीत झोपत. तो स्वयंपाकघरात टेबल भिंतीला लावून खाली गादी टाकी. मग मनोरा, नदीकाठ आणि संग्रहालय, याच क्रमाने दाखवी, कारण मनोऱ्यापाशी सकाळी रांग कमी असते. संग्रहालयाच्या दारावरचा पहारेकरी त्याला बघून मान हलवायचा. हा टुरिस्टांचा गाइड आहे अशी त्याची समजूत होती.

तीन आठवड्यांसाठी त्याची थोरली बहीण आली, तेव्हा ती चौसष्ट वर्षांची होती. पोस्टात कारकून म्हणून निवृत्त झालेली, विधवा, बोलायला कमी. पहिल्याच सकाळी तो मनोऱ्याची तयारी करायला लागला. मनोरा फोटोत पुष्कळ बघितलाय, असं ती म्हणाली. नदी आमच्याकडेही आहे. मग आणखी काय बघायचं, असं त्याने विचारलं.

"तू काम करतोस ती जागा दाखव," ताई म्हणाली.

त्याने आठवडाभर टाळाटाळ केली. कामावर बाहेरच्या माणसांना सोडत नाहीत, ऑफिस म्हणजे नुसती टेबलं, तुला कंटाळा येईल. ताईने पुन्हा विचारलं नाही. ती दिवसा एकटी बाहेर पडे, कोपऱ्यावरून भाजी आणी, खालच्या मजल्यावरच्या म्हातारीशी हातवारे करून बोले. ती म्हातारी तिथे राहते हे त्याला एकोणीस वर्षांत ठाऊक नव्हतं असं नाही, पण तिला दोन मुली आहेत आणि धाकटीशी तिचं पटत नाही हे त्याला ताईकडून कळलं. भाषा येत नसताना ताईला ते कसं कळलं, कोण जाणे.

दुसऱ्या रविवारी एका हॉस्पिटलमधून फोन आला. तीन नंबरची लिफ्ट थांबताना हिसका देत होती. तो अवजारांची पिशवी घेऊन निघाला तर ताई चपला घालून दारात उभी. त्याने कुलूप लावलं.

हॉस्पिटलच्या वॉचमनने वहीत तिची सही घेतली आणि दोघांना वर सोडलं. अकराव्या मजल्याच्याही वर, गच्चीला लागून, मोटरींची खोली होती. चार मोटरी, चार जाडजूड चाकं, त्यांवरून खाली अंधारात उतरलेले तारेचे दोर. ताई हात पाठीशी बांधून भिंतीला टेकून उभी राहिली. तो ब्रेक उघडून बसला आणि बोलायला लागला. लिफ्ट दोरामुळे थांबत नाही, ब्रेकमुळे थांबते. पट्टा झिजला की हिसका बसतो. खाली स्ट्रेचरवर पेशंट असतो, त्याला तो हिसका चालत नाही. एवढं सलग तो कुणाशी बोलला नव्हता. पाहुण्यांना तो फक्त मनोऱ्याची उंची सांगायचा.

काम संपवून त्याने हातमोजे काढले आणि सवयीने डावा हात खिशात घातला.

"बोटं कधी गेली?" ताईने विचारलं.

कामात चेंगरली, असं तो म्हणाला.

"कशी ते नाही विचारलं. कधी?"

"मागच्या वर्षी. मे महिन्यात."

ताईने जन्मभर पत्ता आणि तारीख जुळवण्याचंच काम केलं होतं. मागच्या मे महिन्यात चुलतभाऊ बायको-मुलांना घेऊन इथे आला होता. परत गेल्यावर तो सगळ्यांना सांगत फिरला होता की, आम्हाला परक्या शहरात टाकून हा दोन दिवस कंपनीच्या कामाला निघून गेला, माणूस बदलला.

मग त्याने सांगितलं. सकाळी एका इमारतीत दरवाजाच्या यंत्रात हात अडकला, करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट अर्धं-अर्धं काढावं लागलं. ऑपरेशनला नेण्याआधी त्याने चुलतभावाला फोन केला, गावाबाहेर जावं लागतंय, किल्ली कुठे आहे, गॅस कसा बंद करायचा, तेवढं सांगितलं. तिसऱ्या दिवशी हाताला पट्टी बांधून घरी आला. थोडं खरचटलंय म्हणाला. त्यांचं सामान बांधणं चाललं होतं, कुणी जास्त विचारलं नाही. त्यानंतर आलेल्यांनीही विचारलं नाही. पाहुणे शहर बघायला येतात, यजमानाचा हात कोण बघतो?

"मी पहिल्याच दिवशी बघितला. कप दोन्ही हातांनी धरत होतास," ताई म्हणाली. "झाकली मूठ सव्वा लाखाची, मला कळतं. पण मूठ झाकायलाही बोटं लागतात रे."

त्याला हसू आलं, आणि मग बराच वेळ तो पिशवीत अवजारं लावत बसला. ताई दुसरीकडे बघत राहिली. खाली उतरताना त्याने एवढंच मागितलं, की हे घरी सांगू नकोस. आपण होऊन सांगणार नाही, ताई म्हणाली, पण कुणी माझ्यासमोर खोटं बोललं तर ऐकूनही घेणार नाही.

तसंच झालं. परतल्यावर महिन्याभराने चुलतभावाने चारचौघांत जेवताना तेच जुनं गाऱ्हाणं काढलं. ताईने त्याला तारीख सांगितली, ऑपरेशन सांगितलं, आणि आपला भाऊ लिफ्ट दुरुस्त करतो हेही सांगून टाकलं. चुलतभाऊ ताट तसंच ठेवून उठला.

चुलतभावाचा फोन मात्र त्याला आला नाही. पुढचं वर्षभर कुणाचाच आला नाही. लोकांना लाज वाटली, की इंजिनिअर नाही म्हणून वाईट वाटलं, हे ताईलाही सांगता आलं नाही. तो रोज खोलीत पलंगावर झोपू लागला, सुट्टीच्या दिवशी उशिरा उठू लागला. आराम होता. पण रविवारी करायचं काय, हा प्रश्न पहिल्यांदाच पडला. एकदा तो खालच्या म्हातारीच्या नळाचा वॉशर बदलून आला, आणि वर येऊन त्याने स्वतःच चुलतभावाला फोन लावला.

इकडची तिकडची चौकशी झाली.

"मी तेव्हा विचारायला हवं होतं," चुलतभाऊ म्हणाला.

"मीही सांगायला हवं होतं. जूनमध्ये या. या खेपेला रजा काढतो."

चुलतभाऊ जूनमध्ये आला, बायकोला घेऊन, नऊ दिवसांसाठी. त्या दिवसांत दोघा भावांचं दोनदा कडाक्याचं भांडण झालं, एकदा आजोबांच्या विहिरीवरून आणि एकदा कांदा बारीक चिरण्यावरून. भावजय मध्ये पडली नाही. लहानपणापासून यांचं असंच चालत आलंय, असं सासूबाईंनी तिला लग्न झालं तेव्हाच सांगून ठेवलं होतं.