मी वर धरलेली मासळी
दोन हजार एकोणीस साल होतं, मी अडुसष्टचा होतो. सुक्या वाकटी मासळीचा वास आला की ती दुपार आजही समोर उभी राहते. तारापूरला आमच्या अंगणात म्हाताऱ्या माणसांच्या विसरण्याचा अभ्यास करणारी एक मुलगी आली होती. ज्यांचं विसरणं वाढलंय त्यांना ती मोठ्या डॉक्टरांकडे नेणार होती. ती माझ्या बायकोला म्हणाली, "आजी, एका मिनिटात आठवतील तेवढे मासे सांगा." बायकोने तीस वर्षं बोईसरच्या बाजारात मासळी विकलेली, पण "बोंबील, मांदेली" म्हणाली आणि पदर चाळवत गप्प बसली. माझ्या घरचं माणूस असं अडलेलं मला सोसेना. मी मुलीच्या पाठीमागे उभा राहून अंगणातल्या टोपलीतली एकेक सुकी मासळी वर धरली आणि डोळे वटारले. बायको घाबरून बोलत गेली, "करंदी, वाकटी, ढोमा..." "आजी तर माझ्यापेक्षा हुशार!" म्हणत मुलीने कागदावर 'ठीक' लिहिलं आणि ती गेली. मी मिशीत हसलो, तर बायको रडायला लागली. "तुमाला शाबासकी पायजे होती काय? मीच बोलावलेलं तिला. चूल पेटवते नि विसरते, भ्या वाटतं मला. आता कोण नेणार?"  जन्मात कुणापुढे चुकलो म्हटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या रिक्षाने सरावलीला त्या मुलीच्या खोलीवर गेलो आणि दारातूनच म्हणालो, "बाय, दोनच नावं तिची हायत. बाकीची माझी, ती खोडून टाक."