दुकानात 'नाही' म्हणायचं नाही

लग्न होऊन मी आंधळगावच्या आमच्या सिमेंट-टिनांच्या दुकानात गल्ल्यावर बसले, तेव्हा सासऱ्यांनी एकच गोष्ट शिकवली. गिऱ्हाइकाला 'नाही' म्हणायचं नाही, लक्ष्मी उठून जाते. माल संपला तरी म्हणायचं, "येऊन राहिला, उद्या या." गिऱ्हाईकही खुळं नसतं, ते हसतं आणि दुसऱ्या दुकानात जातं.

पुढे आमचे हे पंचायत समितीवर निवडून आले. गल्ला माझ्याकडे, खुर्ची यांच्याकडे, पण तोंड तेच दुकानदाराचं! रस्ता पाहिजे? होऊन राहिला. घरकुल पाहिजे? झालंच समजा. मी चिडायची, "अहो, लोक खरं मानतात." हे म्हणायचे, "तुले राजकारण नाही समजत." आग लागो त्या राजकारणाले!

मागच्या गल्लीतल्या मावशीनं खरंच मानलं. एकटी बाई, मातीचं घर. "झालंच समजा" ऐकून तिनं पावसाआधी सगळ्या भिंती पाडल्या, घरकुलाचा पाया तिथंच पडणार म्हणून. भांडीकुंडी शेजाऱ्याच्या गोठ्यात ठेवली आणि नारळ घेऊन दुकानात आली.

"सेठ, घर पाडलं. आता काम कवा लागते?"

यांचा चेहरा उतरला. तिचं नाव मंजुरीत नाही, हे यांनीच मला सकाळी जेवताना सांगितलं होतं. तरी म्हणतात कसे, "होऊन राहिलं, मावशी." आणि फोन कानाला लावून बाहेर सटकले. मोठे पुढारी!

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिच्याकडे बघवेना. शेवटी म्हटलं, "मावशी, नाही. तुमचं घरकुल मंजूर नाही झालं. पुढे होईल का, तेही माहीत नाही."

ती ओरडली असती, चार शिव्या दिल्या असत्या, तर बरं झालं असतं. नारळाकडे बघत म्हणाली, "हे पयले सांगतलं असतं त भिंती त राह्यल्या असत्या, बाई." मग बाहेर भरून आलेल्या आभाळाकडे पाहून तिनं विचारलं, "ताडपत्री हाय का?"

ताडपत्र्या कालच संपल्या होत्या. आणि माझ्या तोंडून निघालं, "येऊन राहिली, मावशी. उद्या या."

जीभ झडून जावी असं वाटलं. मावशी नारळ मांडीवर घेऊन दुकानाच्या पायरीवर बसली.

"नाई बाई," ती म्हणाली, "आता मी अठीच बसते. आली का मंगच जाईन."