आठ टोपल्या चुना, बारा वाळू

गुणोत्तराचं गणित मले कोण्या मास्तरानं नाई शिकवलं. माह्या रुखमाआत्यानं शिकवलं, अन् तिले सहीसुद्धा येत नव्हती. हसू नका, आधी ऐका.

अठ्ठावन्न सालची गोष्ट. मी नलू, नऊ वर्षांची. बोरी अरबात आमच्या वस्तीची स्वतःची विहीर बांधणं चालू होतं. दोन वर्षांआधी दीक्षा घेतली, पण पाण्याचं तसंच होतं. गावच्या विहिरीजवळ बाया ताटकळत बसत. कोणाले दया आली तं तो वरून पाणी ओते, अन् आपण खाली वाकून ओंजळीनं प्यायचं. आत्याले त्याची लय चीड! म्हणे, "मरायच्या आधी एक डाव आपल्या हातानं पाणी काढीन."

बांधणारा होता रहमत मिस्त्री. ऐन तळाच्या थराच्या येळेस नेरहून निरोप आला, बहीण हजराबी लय बीमार. जाता जाता तो सांगून गेला, "चुना दोन तं वाळू तीन. वाळू दोन तं सुरखी एक. भूलना मत!" सुरखी म्हणजे विटांची कुटलेली भुकटी. ती कमी पडली तं चुना पाण्यात धरत नाई.

चुना मळायच्या घाणीचे बैल एकाच दिवसापुरते मागून आणले होते. चुना आठच टोपल्या, तोही घरोघरच्या वर्गणीचा. बिघडला तं विहीर गेली, अन् पुन्हा तीच ओंजळ.

माहा बाप डोमाजी वस्तीतला एकटा चौथी पास. त्याचा कोण तोरा! पाटीवर लिहिलं: चुना दोन, वाळू तीन, सुरखी एक. मग चौपट करून वाचलं, "चुना आठ, वाळू बारा, सुरखी चार. टाका!"

आत्या सुरखी चाळून राह्यलती. चाळणी थांबवून म्हणे, "डोम्या, सुरखी सहा लागते."

"बाई, पाटीवर लिहिलं हाय."

"तुही पाटी घाल चुलीत!"

सगळे हसले. बापाचं तोंड एवढंसं झालं. "तुले काय समजते व गणितातलं?"

आत्या उठली. वाळूच्या बारा टोपल्या तिनं तीन-तीन मांडल्या. दर तिनामागं चुन्याच्या दोन. चार येळा दोन, आठ. "हे बरोबर?" बापानं मान हलवली. मग त्याच बारा टोपल्या तिनं दोन-दोन मांडल्या अन् दर जोडीमागं सुरखीची एक ठेवली. मी मोठ्यानं मोजत होती. सहा भरल्या.

"वाळू तीच हाय रे बाबा," आत्या म्हणे. "चुन्यासाठी तिनानं मोज, सुरखीसाठी दोनानं. तू तीन वाळूले एक सुरखी देल्ली. मिस्त्रीनं एक सांगतली ती दोन वाळूले!"

बापानं बोट लावून जोड्या पुन्हा मोजल्या. बैलवाला वरडून राह्यलता. मले वाटलं, आता हा चिडते. पण त्यानं थुंकी लावून पाटी पुसली अन् म्हणे, "सहा टाका."

पंधरा दिवसांनी मिस्त्री आला. बहीण बरी होती. त्या दिवशी कालवलेल्या चुन्याचा एक गोळा बादलीतल्या पाण्यात ठेवला होता, तो त्यानं दाबून पाह्यला. दगडावानी टणक. "किसने मिलाया?" बापानं आत्याकडे बोट केलं. मिस्त्रीनं तिले हात जोडले.

पुढं मी मास्तरीण झाली. दोन्हीकडं येणाऱ्या त्या वाळूले पुस्तकात सामाईक पद म्हणतात. मी पोरायसमोर बारा टोपल्याच मांडायची. आत्याची लय आठवण येते हो.

विहीर बांधून पुरी झाली त्या दिवशी सारी वस्ती जमली. पहिली बादली बापानं ओढली. पहिल्या घोटाचा मान आत्याचा, म्हणून तिलेच हाक मारली. पण जन्माची सवय, त्याच्या तोंडून गेलं, "बाई, ओंजळ कर."

आत्या वाकली. हात जुळलेसुद्धा. अन् तशीच थांबली. मग हळूच सरळ झाली.

"नाई डोम्या. वरून ओतलेलं लय पेली. दोर दे इकडे."

बापानं बादली तशीच विहिरीत रिती केली अन् दोर तिच्या हातात देल्ला.